हॉल माझा, वरचा मजला त्याचा

११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटं माझी चौकशी करतेस आणि मग म्हणतेस, "सोन्याला दे जरा." पत्र कोणाच्या हातात द्यावं लागत नाही. म्हणून लिहितोय.

मुद्द्यावर येतो. सोन्याला परत बोलावून घे.

घाबरू नकोस, त्याला काही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे, दोन माणसांचं जेवतो. तूच त्याला माझ्याकडे पाठवलंस, "मोठ्या भावाच्या हाताखाली शिकेल" म्हणालीस. मी नाही म्हटलं नाही. साहेबांच्या विनवण्या करून त्याला मदतनीस म्हणून चिकटवला. पण हे काम त्याचं नाही, ताई.

माझं काम नेमकं काय हे तुला अजून समजलेलं नाही. तू शेजारणीला सांगतेस, "म्हाताऱ्या माणसांच्या निवासात आहे नोकरीला," आणि तिला वाटतं मी तिथे भांडी घासतो. ताई, माझ्या खिशावर बिल्ला आहे. उपक्रम प्रमुख! पाचवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या छातीवर! आलो होतो मी सामान उचलायला. एक दिवस लिफ्ट बंद पडली, सगळे आजी-आजोबा हॉलमध्ये अडकले, कुरकुर सुरू झाली, कोणी रडायला लागलं. मी एक फुगा फुगवला आणि मधोमध भिरकावला. म्हटलं, जमिनीला लागला तर सगळे आऊट. लिफ्ट सुरू झाल्यावरही कोणी उठेना. साहेब दारातून बघत होते. तेव्हापासून हॉल माझा.

सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या व्यायाम, मग पेपरवाचन, दुपारी हौजी, संध्याकाळी गाणी. सगळं मी उभं करतो, ओरडून, नाचून, घसा फोडून. तू मला लहानपणी भिंगरी म्हणायचीस, एका जागी बूड टेकत नाही म्हणून चोपायचीससुद्धा. त्याच भिंगरीचा इथे पगार मिळतो.

आणि सोन्या? तो काही करतच नाही. हेच माझं म्हणणं आहे. मी फुगा उडवत असतो आणि हा खुर्ची ओढून कोणाच्या तरी शेजारी बसतो. ते काहीतरी सांगतात, हा म्हणतो, "मग?" बस. एवढंच. "मग?" परवा फुगा सरळ घड्याळवाल्या आजोबांच्या डोक्यावर पडला आणि त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते सोन्याला सांगत होते की एका बाईने पाण्यात पडलेलं घड्याळ दुरुस्तीला आणलं आणि आत छोटा मासा निघाला. मी तीन वर्षं या माणसाला रोज फुगा देतोय. मला मासा कधी सांगितला नाही.

मी आऊट दिलं तर म्हणतात, "असू दे रे, आम्ही बोलतोय ना."

आम्ही!

हे पत्र इथे राहणाऱ्या मास्तरीणबाईंना दाखवलेलं नाही. एरवी त्या माझं लिहिलेलं तपासून देतात, त्यांनीच मला धड लिहायला शिकवलं. त्यामुळे चुका असतील त्या पोटात घाल. आणि सोन्याला यातलं काही सांगू नकोस. फक्त बोलावून घे. भावजींच्या दुकानात माणूस लागतोच की.

तुझा भिंगरी


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. "लहान आहे, सांभाळून घे. जेवत जा." झालं. दोन ओळी. त्याच टपालाने सोन्याला आलेलं पाकीट मी हातात घेऊन पाहिलं, फोडलं नाही, नुसतं हातात घेतलं. चांगलं जाडजूड होतं. वाचताना हसत होता. मी विचारलं, "काय म्हणते?" तर म्हणाला, "काही नाही, असंच." असंच म्हणायला इतकी पानं लागतात होय?

आई गेली तेव्हा तो कडेवर मावायचा आणि मी नाही मावायचो, हा काय माझा गुन्हा? लहान आहे म्हणे. दाढी करतो तो आता.

असो. तू बोलावत नाहीस तर मी माझ्यापुरती सोय केली आहे. त्याला वरच्या मजल्यावर पाठवलंय.

वरचा मजला म्हणजे अंथरुणाला खिळलेली माणसं. ती खाली येत नाहीत, त्यांना आणता येत नाही. तिथे हौजी नाही, गाणी नाही. मी सुरुवातीला फुगा घेऊन गेलो होतो. एका आजींच्या पोटावर तो पडून राहिला, त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे. मी फुगा तिथेच सोडून खाली आलो. पुन्हा गेलो नाही. कागदोपत्री मात्र तो मजला माझ्याकडेच आहे.

साहेबांना म्हटलं, "वरच्या लोकांवर अन्याय होतोय, माझ्या भावाला तिकडे द्या." साहेब खूश. म्हणाले, "तुम्ही विचार करता, हे मला आवडतं."

सोन्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं दादा." तोंड वाकडं नाही, का म्हणून विचारणं नाही. चिडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

काल हॉलमध्ये मास्तरीणबाईंनी विचारलं, "धाकटा कुठाय?" मी म्हटलं, "बढती मिळाली त्याला. वर गेला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शुद्धलेखनात चूक केली.

काल खूप मजा आली मात्र. फुगा एकदाही पडला नाही.

भिंगरी


८ मार्च

ताई,

माझा हॉल रिकामा होतोय.

चेष्टा नाही करत. आधी घड्याळवाले आजोबा दिसेनासे झाले. मला वाटलं, सर्दी-बिर्दी असेल. मग दोन बहिणी आहेत, एकमेकींशी बोलत नाहीत पण शेजारी शेजारीच बसतात, त्या गेल्या. मग एक दिवस हौजीचा आकडा पुकारला आणि समोर फक्त चार माणसं. त्यातले दोघे झोपलेले. मी मास्तरीणबाईंना विचारलं, "सगळे गेले कुठे?"

"वर."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. लिफ्टने." आणि काठी घेऊन उठल्या. "मीसुद्धा चालले होते. तुला वाईट वाटेल म्हणून थांबले, पण आता उशीर होतोय."

उशीर होतोय! हौजीसाठी कधी कोणाला उशीर झाल्याचं मी ऐकलं नाही.

मी जिन्याने गेलो. लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत उभं राहण्याची लाज वाटली. वरच्या मोठ्या खोलीत शिंपीणआजींचा पलंग आहे. त्यांनी जन्मभर कपडे शिवले, आता कमरेखाली काही हलत नाही, पण हात शाबूत आहेत. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, माझी सगळी माणसं. आणि मधोमध सोन्या, बनियनवर, उघड्या दंडांनी बसलेला. त्याचा शर्ट शिंपीणआजींच्या हातात.

"अरे गाढवा, असा कसा रे शर्ट घालतोस तू? कालच लावलं होतं ना मी हे बटण?"

"तुटलं आजी. काय करू?"

"काय करू म्हणे! तुझ्या बायकोचं कसं होणार रे?"

"आधी बायको शोधा, मग बघू कसं होतं ते."

सगळे हसले. न बोलणाऱ्या बहिणी उशांच्या अभ्र्यांना टाके घालत होत्या आणि चक्क भांडत होत्या, तुझा टाका मोठा, माझा टाका बारीक. ताई, त्या भांडत होत्या, म्हणजे बोलत होत्या! घड्याळवाले आजोबा डोळ्याला भिंग लावून सगळ्यांच्या सुईत दोरा ओवून देत होते. वाट बघत रांग लागली होती त्यांच्यापुढे.

मी दारात उभा होतो. कोणी म्हणालं नाही की ये, बस.

आणि मी एक गोष्ट पाहिली. शर्ट घातल्यावर सोन्या खिडकीकडे वळला आणि हळूच त्याने दुसरं एक बटण पिळून तोडलं. उद्यासाठी. खिशात टाकलं.

तू शिकवलंस का त्याला हे? पानंच्या पानं भरून हेच लिहितेस का? मला का नाही लिहिलंस? मी घसा फोडतो तेव्हा त्यांना मजा वाटते, मला माहीत आहे, मी मूर्ख नाही. पण माझ्यासाठी कोणी लिफ्ट पकडत नाही.

माझ्या पोटात दुखतंय, ताई. औषधाने जाणारं नाही ते.


१५ मार्च

ताई,

तुझ्यासाठी आनंदाची बातमी. सोन्या या महिन्याअखेर घरी येतोय.

इथे सुयांना बंदी आहे, सुई, कात्री, ब्लेड, काही नाही. नियम आहे, चांगलाच आहे, कोणाच्या हातून काही झालं तर जबाबदारी कोणाची? कोणीतरी साहेबांना सांगितलं की वर सुया आहेत. साहेब आले, खोल्या तपासल्या, सगळ्या सुया गोळा केल्या. सोन्याने नियम मोडला म्हणून त्याला नोकरीवरून कमी केलं. मी काय करणार? माझा भाऊ असला तरी नियम तो नियम.

कोणी सांगितलं ते कळलं नाही.

तू खोली झाडून ठेवली असशीलच त्याच्यासाठी. मी इथे बरा आहे. हॉल पुन्हा भरलाय.

भिंगरी


१९ मार्च

ताई,

हॉल भरलाय हे खरं आहे. पण ते नुसते बसतात. फुगा भिरकावला की त्यांच्या मांडीवर पडतो, घरंगळतो, जमिनीला लागतो. हात मांडीवरून उचलत नाहीत. मी म्हटलं, "आऊट!" मास्तरीणबाई म्हणाल्या, "हो. आम्ही सगळेच आऊट. पुढे बोल."

मी फुगा उचलून कपाटात ठेवला.

साहेबांना मीच सांगितलं. तुला मागच्या पत्रातच कळलं असेल, तू मला ओळखतेस. रागाच्या भरात नाही सांगितलं. चहा पीत पीत सांगितलं, "साहेब, वर सुया दिसल्या, मला काळजी वाटते." माझा आवाज इतका साळसूद होता की माझा मलाच पटला.

मला वाटलं, सुया जातील आणि सोन्या जाईल. एवढंच. पण साहेबांनी उशा उचलून पाहिल्या. शिंपीणआजींच्या उशीखाली त्यांची स्वतःची सुयांची पत्र्याची डबी होती. त्या इथे आल्या त्या दिवसापासून लपवून ठेवलेली, सोन्याच्याही आधीची. तिच्यात त्यांच्या पहिल्या मशीनची सुई होती, मोडकी. तीही गेली. तेव्हापासून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलंय. जेवण आणलं तर तोंड उघडतात, डोळे उघडत नाहीत. हे मला नर्सने सांगितलं. मी वर गेलेलो नाही.

आणि सोन्या सामान बांधतोय. गुणगुणतोय, ताई! मी म्हटलं, "नोकरी गेली आणि तू गातोस?" तर म्हणाला, "ताईकडे जायचंय ना." आणि मला तेव्हा लख्ख उमगलं मी काय केलं ते. मी त्याला माझ्या हॉलमधून काढलं आणि थेट तुझ्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. आता तू त्याला गरम गरम वाढशील आणि मी इथे बिल्ला लावून रिकाम्या हवेत फुगा मारत बसेन.

मी त्याला विचारलं, "कोणी सांगितलं असेल रे साहेबांना?"

शर्टाची घडी घालत होता. मान वर न करता म्हणाला, "तू."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"काय बोलू? दादा, तू घर सोडून गेलास ना, तेव्हा ताई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. मी आत ताटावर बसलेला असायचो, भाजी गार व्हायची. मी म्हणायचो, ताई, मी आलोय ना शाळेतून. ती म्हणायची, हो रे, थांब जरा. मी किती वर्षं थांबलो माहितीय? तुझ्यावर इतका जळायचो की एकदा तू सुट्टीला आलास तेव्हा तुझी चप्पल विहिरीत टाकली होती."

मला ती चप्पल आठवते. मी कुत्र्यावर आळ घेतला होता.

तो मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल. तो बोलतोच तसं, समोरच्याला बरं वाटेल असं, हेच तर त्याचं दुखणं आहे. पण खरं असेल तर तू मला कधीच का सांगितलं नाहीस? दारात उभी राहायचीस आणि आता फोनवर म्हणतेस, सोन्याला दे.

उद्या साहेबांना भेटणार आहे. काय बोलणार ते ठरलेलं नाही.


२ एप्रिल

ताई,

तू वाट बघत असशील आणि सोन्या आला नाही, म्हणून आधी ते सांगतो. तो येत नाहीये. जा, रड माझ्या नावाने.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, सुयांचा उपक्रम माझा होता. परवानगी मीच दिली होती. कागदावर चढवायचं राहिलं."

साहेबांनी चष्मा काढला. "परवानगी तुमची?"

"हो."

"आणि तक्रार?"

"तीही माझीच."

"म्हणजे तुम्ही तुमच्याच उपक्रमाची तक्रार तुमच्याच भावाविरुद्ध केलीत?"

"हो साहेब."

"का?"

ताई, कितीतरी उत्तरं डोक्यात फिरली. सगळी साळसूद होती. शेवटी म्हटलं, "ते सगळे त्याच्याकडे जात होते, साहेब."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खो खो हसले. मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "उपक्रम चालू राहील. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, नर्ससमोर. धाकटा राहील. हॉल त्याच्याकडे. तुम्ही वर जा आणि सुया मोजा."

ऐकलंस? हॉल त्याच्याकडे. बिल्लाही त्याच्याकडे.

म्हणजे आता मी दुपारभर एका जागी बसतो. मी! सुई दिली की आकडा, परत आली की आकडा. पाय आपोआप हलतात, पलंग थरथरतो. शिंपीणआजींना डबी परत मिळाली आहे, फक्त आता ती नर्सच्या कपाटात असते आणि मी काढून देतो. पहिल्या दिवशी त्यांनी डबी उघडली, मोडकी सुई बोटाने चाचपली आणि भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"तू कोण?"

मी सांगितलं.

"म्हणजे धाकट्याचा भाऊ."

"हो."

"तूच ना तो, सांगणारा?"

"हो."

"पाय हलवू नकोस. टाका चुकतो."

एवढंच बोलल्या. त्यानंतर बोललेल्या नाहीत. सुया घेतात, परत देतात, मी असून नसल्यासारखा. त्यांनी मला माफ केलंय असं तुला सांगायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालेलं नाही.

खालून हॉलचा आवाज येतो. सोन्या फुगा उडवत नाही, तो त्यांनाच उडवायला लावतो म्हणे, आणि मध्येच फुटला की कोण रडतं यावर पैज. काल एवढा हशा झाला की इथे वर दोरा ओवणाऱ्या घड्याळवाल्या आजोबांनी सुई खाली ठेवली. म्हणाले, "खाली काय चाललंय बघून येतो." आणि गेले, ताई. माझी सुई अर्धवट ओवलेली टाकून गेले. मी परत मोजायला बसलो आणि दात ओठ खाल्ले. गेलं नाही ते माझं दुखणं. सोन्या वर होता तेव्हा सगळे वर. सोन्या खाली आला, सगळे खाली.

मास्तरीणबाईंना मी काल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताईला जे मागायचंय ते मागितलंस का?" मी म्हटलं, "मागितलं की. सोन्याला बोलाव म्हटलं." त्या म्हणाल्या, "ते नाही रे."

म्हणून मागतो. साहेबांनी मला रजा देऊ केली आहे, मला वाटतं नर्सलाच माझ्या पायांचा कंटाळा आलाय. मी येतो. सोन्या इथेच राहील, त्याला रजा नाही, मी विचारून घेतलं आहे.

तू दारात उभी राहायचीस की नाही ते मला सांगू नकोस. सांगितलंस तरी मला खरं वाटायचं नाही. फक्त एक वेळ मला एकट्याला वाढ. भावजींना आधी जेवून घेऊ दे. मी ताटावर बसलो की तूही समोर बस, उठू नकोस, आणि मी हात धुवेपर्यंत त्याचं नाव काढू नकोस.

तुझा मोठा